वाहकाची पेटी

उमरग्यास जाण्याचे मूळ प्रयोजन निराळे होते. एस. टी.च्या जुन्या होत चाललेल्या गाड्या, वेळापत्रके आणि खेड्यापाड्यांतून शिकावयास येणाऱ्या मुलामुलींची गैरसोय यांविषयी लिहावे अशी संपादकांची सूचना होती, आणि तो मजकूर मी जमवीतही होतो. परंतु बसस्थानकासमोरील चहाच्या दुकानात एका सेवानिवृत्त वाहकाशी गाठ पडली. त्यांनी बोलता बोलता तिकिटांच्या पेटीचा विषय काढला आणि वर्तमानपत्राच्या समासात तिचे कप्पे रेखाटून दाखविले. तेथून पुढे गाड्यांचा विषय मागे पडला आणि पेटीने मन व्यापले.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. सोलापूरहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावरील हे गाव राज्याच्या सरहद्दीजवळ असल्यामुळे येथल्या गाडीत मराठी, कानडी, दखनी आणि लमाणी या भाषा एकाच बाकावर ऐकू येतात. हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना, १९३२ साली, तेथील रेल्वेच्या आधिपत्याखाली २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन सरकारी मोटारवाहतूक सुरू झाली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस. टी. धावली, तेव्हा उमरगा अद्याप हैदराबाद संस्थानातच होते. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १९६१ साली आजचे महामंडळ अस्तित्वात आले. अंमल बदलले, फलकांवरील लिपी बदलली. वाहकाचे काम मात्र फारसे बदलले नाही.

आता पेटी. हलक्या पत्र्याची, झाकणाची, डाव्या हाताच्या कवेत पोटाशी धरली असता उजवा हात मोकळा राहील एवढ्याच आकाराची ती वस्तू. आत ओळीने मांडलेल्या तिकिटांच्या गड्ड्या, आणि प्रत्येक किमतीची गड्डी स्वतंत्र. एका तिकिटाने भाडे पुरे होत नसेल तर दोन किंवा तीन गड्ड्यांतून एकेक तिकीट फाडून रक्कम जुळवावयाची. निरनिराळ्या किमतींचे कागद निरनिराळ्या रंगांचे असले तरी रात्रीच्या गाडीत, मिणमिणत्या दिव्याखाली, रंगाचा भरवसा तो काय! तेथे उपयोगी पडे ते स्थान. कोणत्या कप्प्यात कोणती किंमत हे बोटांना ठाऊक असे. आणि ज्या मार्गावर ज्या तिकिटाचा खप अधिक, ती गड्डी अंगठ्याच्या जवळ लावण्याची या वाहकांची रीत होती. "सोलापूरच्या गाडीला एक लावणी, अन् मुक्कामी गाडीला दुसरी," ते म्हणाले. "तसं नाही केलं तर पुढचा थांबा यायचा अन् निम्मी गाडी बिनतिकिटाची राहायची, बघा."

पेटीचे खरे सामर्थ्य तिच्यातील क्रमांकांत होते. प्रत्येक तिकिटावर छापील अनुक्रमांक असे. निघताना प्रत्येक गड्डीच्या वरच्या तिकिटाचा क्रमांक वे-बिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबपत्रकावर, लिहावयाचा आणि वाटेतील ठरावीक ठिकाणी तो पुन्हा नोंदवावयाचा. आरंभीचा क्रमांक ४१२ आणि अखेरचा ४३७ असेल तर त्या किमतीची २५ तिकिटे गेली. त्यास किमतीने गुणावे, सर्व गड्ड्यांची बेरीज करावी, म्हणजे चामडी पिशवीत किती पैसे असावयास हवेत ते निघाले. तपासणीस वाटेत कोठेही गाडी थांबवून वर चढत असे. डोकी मोजावीत, गड्डीचा वरचा क्रमांक पाहावा, वे-बिलाशी ताडून पाहावे, एवढ्यात सारी रुजवात होई. अफरातफरीस वाव राहू नये म्हणून केलेली ही व्यवस्था प्रामाणिक वाहकाचे रक्षणही तितक्याच दक्षतेने करीत होती, कारण त्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा त्याच्याच कवेत असे, आणि तो वाचावयास अक्षरओळख व साधी वजाबाकी यांपलीकडे काही लागत नसे.

पेटीचा सोबती म्हणजे चिमटा, ज्यास कोणी पंचही म्हणत. एस. टी.चे भाडे सहा किलोमीटरांच्या टप्प्यावर आकारले जाते. तिकिटावर छापलेल्या टप्प्यांच्या आकड्यांपैकी योग्य त्या आकड्यावर छिद्र पाडले की तो कागद त्या प्रवासापुरता दस्तऐवज होई. लंडनमध्ये १८७८ साली स्थापन झालेल्या बेल पंच कंपनीचा चिमटा प्रत्येक छिद्राबरोबर घंटी वाजवी आणि कापलेले कागदाचे तुकडे पोटात साठवून ठेवी, म्हणजे रात्री ते मोजून हिशेब घेता यावा. आपला चिमटा त्याहून पुष्कळच साधा. तरी त्याच्या टकटकीने, बाकाच्या नळीवर तो वाजवून झोपलेल्या उतारूस जागे करण्याने, घंटीचे काम भागत असे.

पण मला सर्वांत अधिक मोहित केले ते छताखालून गेलेल्या दोरीने. वाहकाच्या दारापासून चालकाच्या पाठीमागील घंटीपर्यंत ती जाई. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. हा संकेत आपण बालपणापासून ऐकत आलो, म्हणून त्यातील विचार सहसा ध्यानात येत नाही. गाडी थांबविण्यास एकच ओढ पुरे आणि हलविण्यास दोन ओढी, त्याही हेतुपूर्वक, लागत. गर्दीत कुणाचा हात चुकून दोरीस लागला, कुणाचे गाठोडे तीत अडकले, तर होणारी चूक गाडी थांबण्याची होई. एखादी म्हातारी पायरीवर एक पाय टेकवून उभी असता गाडी सुटण्याची चूक एका धक्क्याने होऊ शकत नसे. शिवाय दोरी गाडीच्या लांबीभर असल्यामुळे माणसांत रुतलेल्या वाहकास दारापर्यंत पोहोचण्याची गरज नव्हती. तो असेल तेथून हात वर करी. वीज नाही, तार नाही, तुटली तर गाठ मारावी. मानवी प्रमादाचा इतका सूक्ष्म विचार ज्या संकेताने केला, त्याचा कर्ता कोण हे प्रवाशांस कधी सांगण्यात आले नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

पेटीची जागा आता विजेवर चालणाऱ्या हातयंत्राने घेतली आहे, आणि त्या यंत्रास दोष देणे अन्यायाचे होईल. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांस ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाला. अशा नाना सवलतींचे पृथक् हिशेब कागदी गड्ड्यांवर ठेवावयाचे म्हटले तर वाहकाची रात्र आकडेमोडीतच सरली असती. यंत्र ते क्षणात करते. मुक्कामी गाडीत उशाशी पेटी घेऊन झोपण्याची चिंताही पुष्कळ अंशी कमी झाली.

तरीही काळजीच्या गोष्टी आहेत. उष्णतेने उमटणारी छपाई उष्णतेनेच पुसट होते. मराठवाड्याच्या वैशाखात, खिशात घडी करून ठेवलेले असे तिकीट प्रवासभत्त्यासाठी पुढे दाखल करावयाचे असेल, तर त्यावरील अक्षरे तोवर टिकतील याची हमी कोणी द्यावी? विद्युत्घट उतरला की यंत्र पूर्णपणे मुके होते. पेटीतील एक गड्डी संपली तर शेजारच्या दोन गड्ड्यांतून रक्कम जुळविता येई. अर्धवट निकामी होऊनही काम पुढे रेटण्याची ही सोय यंत्रास नाही. सर्वांत मोठी गोष्ट अशी, की हिशेब आता डोळ्यांआड गेला आहे. पूर्वी वाहकावर आळ आला तर तो गड्डी पुढे करून क्रमांक दाखवू शके, आणि शेजारचा शेतकरीही त्या क्रमांकाचा साक्षीदार होई. आज साक्ष द्यावयाची ती यंत्राने, आणि त्याची भाषा ज्याच्या हाती ते आहे त्यासही पुरती अवगत नसते. काही नव्या गाड्यांत दोरीही गेली आणि बटण आले. ते एका जागी खिळलेले असते, आणि गर्दीत तेथवर पोहोचणे हेच एक काम होऊन बसते.

नव्या यंत्रांचा आराखडा करणाऱ्यांनी जुन्या पेटीजवळ बसून विचार करावा, असे मला आग्रहाने वाटते. परंतु बसावयाचे कोठे? त्या वाहकांनी आपली पेटी आगारात जमा केली आणि पावती घेतली. त्यांच्या घरी उरला आहे तो खांद्यावरील पट्ट्याचा जुना घट्टा आणि बोटांतील लावणी. एक पेटी, एक चिमटा, भरलेले एक वे-बिल आणि घंटीसह दोरी एवढा सरंजाम कोठे तरी नीट जतन व्हावा आणि त्याचे मोजमापासह रेखाचित्र तयार व्हावे, अशी विनंती मी संपादकांमार्फत करीत आहे. सोलापूरच्या गाडीची आणि मुक्कामी गाडीची, अशा दोन्ही लावण्या मी कप्प्यांच्या क्रमाने लिहून घेतल्या आहेत. भूम, परंडा, कळंब आणि तुळजापूर येथील मार्ग निराळे, खपणारी तिकिटे निराळी, म्हणजे तेथील मांडणीही निराळी असणार; ती जाणणारी माणसे निवृत्त झाली आहेत, पण अद्याप गावोगावी आहेत, आणि त्यांच्याकडून ती विचारून घ्यावयाची आहे.