कोळसा खाणारे वानर

टांझानियाच्या किनाऱ्यासमोर हिंदी महासागरात झांझिबार द्वीपसमूह आहे आणि उंगुजा हे त्यातील मुख्य बेट आहे. झांझिबारचा तांबडा कोलोबस हे वानर या द्वीपसमूहाखेरीज जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. पाठीवर तांबूस, खांद्यांवर व हातांवर काळा, पोटाकडे पांढरा आणि डोक्यावर विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचा झुपका असलेल्या या प्राण्याचे शास्त्रीय नामकरण जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८६८ साली केले आणि झांझिबारमध्ये काम केलेले वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्क यांचे नाव त्याला दिले. ‘कोलोबस’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ अवयव छाटलेला असा असून, या गटातील प्राण्यांच्या हाताला अंगठा जवळजवळ नसतो म्हणून तो रूढ झाला. स्वाहिली बोलणारे गावकरी मात्र त्याला ‘किमा पुंजू’, म्हणजे विषारी माकड, म्हणत आले आहेत; त्याच्या अंगाचा उग्र वास आणि तो ज्या झाडावर चरतो ते झाड वाळते ही जुनी समजूत यांतून हे नाव पडले असावे.

मराठी भाषा काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या, पाला खाणाऱ्या प्राण्याला वानर आणि लाल तोंडाच्या प्राण्याला माकड म्हणते, आणि हा फरक प्राणिशास्त्रालाही मान्य होण्याजोगा आहे. माकडांच्या गालांत अन्न साठवण्याच्या पिशव्या असतात. वानरांना त्या नसतात, पण त्यांचे जठर कप्प्याकप्प्यांचे असते. झांझिबारचा कोलोबस या अर्थाने अस्सल वानर आहे. त्याच्या जठराच्या पुढच्या कप्प्यांत राहणारे जिवाणू पाल्यातील तंतुमय भाग आंबवून फोडतात. शास्त्रीय भाषेत या क्रियेला किण्वन म्हणतात आणि गाईगुरांच्या पोटातही साधारण हेच घडते, फक्त वानर गाईसारखे रवंथ करीत बसत नाही. ही रचना पाल्यासाठी उत्तम असली तरी पिकलेल्या गोड फळांतील साखर या कप्प्यांत झपाट्याने आंबून आम्ल वाढवू शकते, म्हणून हा प्राणी पिकल्या फळांच्या वाटेला सहसा जात नाही आणि कोवळी पाने, कळ्या व कच्ची फळे यांवर राहतो. पिकलेला आंबा सोडून आंब्याचा पाला ओरबाडणारा हा प्राणी कोकणातल्या बागायतदाराला जवळचा वाटावा, यात नवल नाही. त्याच जंगलात राहणारे आणि फळांवर ताव मारणारे साइक्सचे माकड मात्र गालांत पिशव्या बाळगते. १८३१ साली त्याचे वर्णन करणारे कर्नल साइक्स हे दख्खनच्या पशुपक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी करणारे कंपनी सरकारचे अधिकारी होते, हा योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे.

जंगलालगतच्या वाड्यांत राहणाऱ्या कोलोबसच्या टोळ्यांना आंब्याच्या आणि देशी बदामाच्या पानांची चटक लागली. देशी बदाम म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळांच्या आवारात मोठी लालसर पाने गाळणारे तेच झाड. या दोन्ही पानांत प्रथिने भरपूर असतात, पण फिनॉल वर्गातील तुरट द्रव्येही तितकीच असतात, आणि ती पचनात अडथळा आणतात किंवा सरळ विषारी ठरतात. या टोळ्यांनी त्यावर जो उपाय काढला तो वानरांच्या जगात फार विरळा आहे: कोळशाच्या भट्ट्यांपाशी, जळक्या बुंध्यांपाशी जाऊन त्या लोणारी कोळसा उचलून खातात. थॉमस स्ट्रुसेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली या सवयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोळशाच्या सच्छिद्र पृष्ठभागावर काही द्रव्यांचे रेणू चिकटून बसतात; याला अधिशोषण म्हणतात, आणि विषबाधेच्या रुग्णाला कोळशाची पूड देण्यामागेही हेच तत्त्व आहे. स्थानिक भट्ट्यांतला कोळसा याच पानांच्या अर्कातील सेंद्रिय द्रव्ये चांगल्या प्रकारे धरून ठेवतो, असे प्रयोगशाळेत दिसले. एरवी हाती न लागणारे पौष्टिक खाद्य अशा रीतीने पचनी पडल्यामुळे वाड्यांतल्या टोळ्यांची दाटी जंगलातल्यापेक्षा कितीतरी अधिक झाली, असा या अभ्यासकांचा तर्क आहे. पिले आईला पाहून हे शिकत असावीत. यातला विरोधाभास असा, की ज्या भट्टीतून वानराला औषध मिळते, त्याच भट्टीसाठी बेटावरची रानझाडी तुटत असते, कारण तेथील घरांतला स्वयंपाक मोठ्या प्रमाणात सरपण आणि कोळसा यांवरच होतो.

शेतकऱ्यांची तक्रार नारळाबद्दल होती आणि ती वरकरणी रास्तही होती, कारण वानरे कोवळी, लहान फळे खाताना उघड दिसत. कर्स्टिन सिएक्स आणि स्ट्रुसेकर यांनी मोजदाद केली तेव्हा मात्र वानरांच्या खाण्याने नारळाचे उत्पन्न घटल्याचे दिसले नाही. उलट जेथे ती अधिक फळे खात तेथे हाती येणारे पीकही अधिक होते. नारळाचे झाड बरीचशी कोवळी फळे आपणहून गाळते, हे ज्यांच्या दारात माड आहे त्यांना सांगायला नको. वानरांच्या खाण्याने विरळणी होऊन उरलेली फळे चांगली पोसत असावीत, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. तरीही आकडेवारीने समजूत लगेच बदलत नाही, आणि नुकसान प्रत्यक्षात झाले नसले तरी ते झाल्याची भावना वानराच्या जिवावर बेतू शकते.

बेटाच्या मध्यभागातील जोझानीचे जंगल हे या प्राण्याचे सर्वांत परिचित आश्रयस्थान आहे. येथे भूजलाची पातळी इतकी वर असते की पावसाळ्यात झाडांच्या मुळांशी पाणी साचते. २००४ साली जोझानी आणि चवाका उपसागराचा परिसर मिळून राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. पर्यटकांकडून मिळणाऱ्या प्रवेशशुल्काचा काही वाटा भोवतालच्या गावांना देण्याची व्यवस्थाही तेथे आहे. मात्र जंगलाच्या कडेने जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर भरधाव वाहनांखाली वानरे चिरडली जात. गतिरोधक बांधल्यावर हे मृत्यू बरेच कमी झाले, पण थांबले नाहीत. उद्यानाच्या कांदळवनांतही काही टोळ्या राहतात. तेथील पाने खारट असल्याने त्यांना झाडांच्या ढोलींतले साठलेले पाणी किंवा पानांवरचे दव शोधत हिंडावे लागते, जे पानांतल्या ओलाव्यावर भागवणाऱ्या इतर टोळ्यांना क्वचितच करावे लागते. विम्याचा उपाय म्हणून १९७४ साली काही वानरे शेजारच्या पेम्बा बेटावरील एनगेझी जंगलात नेऊन सोडली गेली, पण त्यांची संख्या तेथे फारशी वाढली नाही.

संपूर्ण बेटावरची पद्धतशीर गणना टिम डेव्हनपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा वानरांची संख्या ५,८०० हून अधिक, म्हणजे आधीच्या अंदाजांच्या तिपटीहून जास्त निघाली. ही वाढ बहुतांशी पूर्वी न तपासलेल्या भागांत मोजणारे पोहोचल्याने कागदावर झालेली होती. संरक्षित क्षेत्रांतल्या टोळ्या मोठ्या होत्या. बाहेरच्या टोळ्या लहान होत्या, आणि प्रवाळी खडकावरच्या झुडपी रानांचे तुकडे शेती व वस्तीसाठी साफ होत असताना त्यांच्यासमोर एका तुकड्यातून दुसऱ्यात जाण्याची वाटही उरत नव्हती. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत हा प्राणी आजही संकटग्रस्त म्हणूनच नोंदलेला आहे.