परमुलखाच्या वेषातील वाई

ज्यांनी वाईच्या वेशीत कधी पाऊलही ठेवले नाही, अशा लक्षावधी लोकांनी वाई डोळे भरून पाहिलेली आहे. मात्र आपण पाहिली ती वाई, याची त्यांना वार्ताही नाही. प्रकाश झा यांच्या ‘मृत्युदंड’ (१९९७) आणि ‘गंगाजल’ (२००३) या चित्रपटांत ती बिहार झाली; आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’मध्ये (२००४) तिच्या शेजारची मेणवली उत्तर प्रदेशातील चरणपूर झाली; ‘दबंग’मध्ये (२०१०) ती लालगंज झाली, आणि ‘चेन्नई एक्सप्रेस’च्या (२०१३) वेळी तर तिने तमिळ वेषही अंगावर चढविला. ज्या कसब्याला दक्षिण काशी म्हणण्याची जुनी वहिवाट आहे, आणि ज्याच्या प्राज्ञपाठशाळेत व विश्वकोशाच्या कचेरीत मराठी विद्वत्तेच्या पिढ्या खपल्या, त्याने पडद्यावर स्वतःचे नाव सांडून परमुलखाची नावे धारण करावीत, हा मोठा मौजेचा मामला आहे.

निर्मात्यांना वाईची भुरळ पडली ती केवळ सौंदर्यामुळे, असे मानणे भाबडेपणाचे होईल. महामार्गावरच्या सुरूर फाट्याने आत वळले की पुण्यापासून सुमारे ९० किलोमीटरवर हे गाव लागते. मुंबईहून दिवे, जनित्रे आणि माणसे यांचा सारा लवाजमा सकाळी निघून त्याच दिवशी येथे उतरू शकतो. नटनटींच्या मुक्कामासाठी पसरणीचा घाट चढून पाचगणीची हॉटेले गाठता येतात. आणि नदी, घाट, देवळे, वाडे, बाजारपेठ व उसाचे मळे हे सारे जिन्नस एवढ्याशा परिघात हाताशी असतात. बिहारपर्यंत तांडा नेण्याच्या खर्चापुढे बिहारच येथे उभारणे स्वस्त पडते, हा हिशेब एखाद्या कारकुनालाही उमगावा.

गावातील फेरी गणपती घाटावरून सुरू करावी. येथील ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविले. अखंड पाषाणातील त्या अवाढव्य मूर्तीपुढे हात जोडून झाल्यावर प्रवासी बहुधा घाटावर छायाचित्रे काढण्यात रमतो. पण ज्याला स्थापत्याची थोडी जाण आहे, त्याने देवळाला वळसा घालून मागील भिंत अवश्य पाहावी. ती सपाट नसून माशाच्या तोंडासारखी निमुळती केलेली आहे, जेणेकरून पुराचा लोंढा तिच्यावर थेट न आदळता दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा. कृष्णा नदीच्या पुराशी सामना करणाऱ्या त्या अनाम गवंड्याची ही हिकमत कोणत्याही चित्रपटातील झुंजीपेक्षा मला अधिक प्रेक्षणीय वाटते. जवळच काशीविश्वेश्वर आहे आणि त्याच्यापुढे एकसंध दगडाचा नंदी. येथून पुढे एकामागून एक घाट लागतात, आणि पडद्यावरची कोणती पायरी ती हीच, असा शोध घेत हिंडण्यात एक निरुपद्रवी आनंद आहे.

त्या शोधात एक गोष्ट मात्र ध्यानात येते. दुकानांवर हिंदी पाट्या चढविता येतात, पोलीस ठाण्याला बिहारचे नाव देता येते, माणसांना पूर्वेकडची बोली शिकविता येते. परंतु दगड आणि डोंगर यांना वेष घालता येत नाही. काशीच्या घाटांचा चुनारी दगड पिवळसर, तर वाईचा काळाकभिन्न बेसाल्ट. कॅमेरा जरा वर उचलला की गंगेच्या सपाट मैदानात एकाएकी पांडवगड डोके वर काढतो, आणि सह्याद्रीचे ते ताशीव कडे आपली जन्मभूमी निःसंकोच सांगून टाकतात. चित्रपट घरी पुन्हा पाहून मग येथे येणाऱ्याने या खुणा जरूर हेराव्यात. चित्रीकरणाची कुठलीही हकिकत सांगणार नाही इतके त्या सांगतात.

तीनएक किलोमीटरवरच्या मेणवलीला मात्र सवड काढून जावे. ‘स्वदेस’मधील नासाचा अभियंता मोहन भार्गव ज्या नदीकाठी येतो तो हा घाट, एवढी ओळख देऊन गाडीवान मोकळा होतो. वास्तविक हे गाव नाना फडणीसांना इनाम मिळालेले. घाट, मेणेश्वराचे व विष्णूचे देऊळ आणि मागचा सहा चौकांचा वाडा, ही सर्व त्यांचीच निर्मिती. वाड्याच्या भिंतींवरील रंगचित्रे फिकटली असली तरी नाहीशी झालेली नाहीत. परंतु या वास्तूचे खरे वैभव लाकूडकामात नव्हते, ते दप्तरात होते: पेशवाईच्या या अत्यंत सावध कारभाऱ्याने जपून ठेवलेली पत्रे, हिशेब आणि जाबसाल यांचा मेणवली दप्तर म्हणून प्रसिद्ध असलेला तो संग्रह, ज्याच्या आधाराने द. ब. पारसनीस यांच्यासारख्यांनी मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन केले. ज्या ओसरीवर आज एखादा हौशी तरुण नायकाच्या ढंगात उभा राहून स्वतःची छबी टिपून घेतो, ती पुणे दरबारातील सर्वांत धूर्त माणसाची ओसरी होती, हे त्याला कोणी सांगत नाही.

मेणेश्वरापुढच्या छोट्या घुमटीत एक घंटा टांगलेली आहे. तिच्याजवळ जाऊन, वाकून नीट पाहावे. तिच्या अंगावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मरियम आणि १७०७ हा सन उठवलेला आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तेथील पोर्तुगीज चर्चमधून ज्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही तिची एक बहीण आहे.

फेरीला पावसाळ्यानंतरचे दिवस चांगले, कारण तेव्हा कृष्णेला पाणी असते आणि डोंगर हिरवे असतात; उन्हाळ्यात पात्र आटून घाटांची शोभा निम्मी होते. मेणवलीचा वाडा आजही खासगी वहिवाटीत असल्याने आत जाण्याचे प्रवेशमूल्य व वेळा आधी विचारून घ्याव्यात. हिवाळ्याच्या उत्तरार्धात घाटाघाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव चालतो. अफझलखानाचे संकट टळावे म्हणून कृष्णेला बोललेल्या नवसातून तो उद्भवला, अशी परंपरा सांगतात. त्या दिवसांत मांडव पडलेले असतात आणि गर्दीत चित्रपटातील चौकट मुळीच जुळत नाही. पण पंगतीला बसवून घ्यायला गावकरी मागेपुढे पाहत नाहीत.