आंतड्यांतील जंतु आणि मधुमेह

मधुमेहाची गोष्ट निघाली कीं घरोघर प्रथम साखरेच्या डब्याकडे बोट जातें. फार झालें तर आनुवंशिक दोष म्हणून आजोबा-पणजोबांचें नांव घेतलें जातें. परंतु लहानपणींच जो मधुमेह जडतो, त्याच्या बाबतींत साखरेवरचा हा आरोप खोटा असतो. दहा वर्षांच्या मुलानें पेढे खाल्ले म्हणून त्याला हा रोग झाला, असें मानणारे आईबाप स्वतःला विनाकारण दूषण लावून घेतात. ह्या प्रकारांत शरीराचें रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच बहकतात आणि स्वादुपिंडांतील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. त्या पेशी नष्ट झाल्या म्हणजे इन्सुलिन टोंचून घेण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. राखणदारानेंच घर फोडावें असा हा प्रकार कां घडतो? ह्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा आंतड्यांत वस्ती करून असलेल्या जंतूंपर्यंत जाऊन पोंचतो, असें प्रयोगशाळांतील उंदरांवरून दिसूं लागलें आहे.

हे उंदीर मात्र खास आहेत. जपानमधील शिओनोगी ह्या औषधें तयार करणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेंत माकिनो व त्यांचे सहकारी ह्यांनीं उंदरांचें एक कुळ पैदा केलें आणि १९८० सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. ह्या कुळांतील उंदीर लठ्ठ नसूनहि त्यांना आपोआप मधुमेह होतो, म्हणून ‘लठ्ठ नसलेले मधुमेही’ ह्या अर्थाच्या ‘एन्. ओ. डी.’ ह्या इंग्रजी आद्याक्षरांनीं ते ओळखले जातात. पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींचा संकर करीत आणल्यामुळें त्यांतील प्रत्येक प्राणी आनुवंशिक दृष्ट्या दुसऱ्याची जणूं प्रतिकृतीच असतो. असें असतां तीस आठवड्यांच्या वयापर्यंत माद्यांपैकीं सुमारें शेंकडा ६० ते ८० मधुमेही होतात, तर नरांचें प्रमाण शेंकडा २० ते ३० च्या आसपास राहतें. दुसरें आश्चर्य असें कीं, हें प्रमाण निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळें आढळतें; आणि जेथें स्वच्छता कडक व रोगजंतूंचा शिरकाव कमी, तेथें मधुमेह अधिक! बीज तेंच असूनहि फळ निराळें येऊं लागलें, म्हणजे शेतकरी मातीकडे पाहूं लागतो. शास्त्रज्ञांनींहि तेंच केलें.

जंतूंचा परिणाम ताडून पाहावयाचा, तर मुळींच जंतु नसलेला प्राणी हाताशीं पाहिजे. १८८५ सालीं पाश्चरला असें वाटत होतें कीं, जंतूंवांचून प्राण्याचें जगणेंच अशक्य असावें. दहा वर्षांनंतर, १८९५ मध्यें, नटल व थीरफेल्डर ह्या दोघांनीं बर्लिन येथें गिनीपिगचीं पिल्लें निर्जंतुक अवस्थेंत कांहीं दिवस जगवून दाखविलीं. आज ही विद्या बरीच पुढें गेली आहे. पिल्लें आईचें पोट कापून जन्मास आणतात आणि तीं बंदिस्त, निर्जंतुक पेटींत वाढवितात. आंत जाणारी हवा गाळलेली, दाणापाणी निर्जंतुक केलेलें, आणि माणसाचा हात शिरतो तो पेटीच्या भिंतीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांतून. अशा प्राण्यांचें अंधांत्र कमालीचें फुगतें. जंतूंकडून आयतें मिळणारें ‘के’ जीवनसत्त्व त्यांना अन्नांतून पुरवावें लागतें. जंतु आंतड्यांत फुकट राहत नाहींत, भाडें भरतात, हें ह्यावरून कळून येईल. साध्या पिंजऱ्यांतील उंदरांचीहि एक खोड ध्यानांत ठेवावी लागते: ते एकमेकांची लेंडी खातात. त्यामुळें एका पिंजऱ्यांत राहणाऱ्यांचे जंतु लवकरच सारखे होतात, आणि बेसावध प्रयोगकर्त्याची फसगत होते.

२००८ सालीं येल विद्यापीठांतील ली वेन, शिकागो येथील अलेक्झांडर चेर्व्होन्स्की आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. जंतूंची चाहूल लागली कीं ती वर्दी पेशीच्या अंतर्भागीं पोंचविणारा एक घटक शरीरांत असतो. एन्. ओ. डी. उंदरांतून हा घटक काढून टाकला, तेव्हां त्यांना मधुमेह होईनासा झाला. प्रथमदर्शनीं वाटेल कीं, वर्दी बंद झाली म्हणून हल्लाहि बंद झाला. परंतु तेच उंदीर निर्जंतुक पेटींत वाढविले, तेव्हां त्यांना मधुमेह पुनः होऊं लागला. त्यांच्या आंतड्यांत मोजक्या, ठराविक जातींचे जंतु सोडतांच रोगाचा जोर ओसरला. म्हणजे संरक्षण मिळत होतें तें जंतूंच्याच अस्तित्वामुळें.

ह्याहूनहि नवलाची हकीकत टोरोंटोची आहे. ज्या शहरांत बँटिंग व बेस्ट ह्यांनीं १९२१ सालीं इन्सुलिन शोधून काढलें, त्याच शहरांतील मुलांच्या रुग्णालयांत जेन डान्स्का आणि त्यांचे सहकारी नर व माद्या ह्यांच्यांतील तफावतीचा छडा लावीत होते. त्यांनीं प्रौढ नरांच्या अंधांत्रांतील द्रव्य नुकतेंच दूध सुटलेल्या मादी पिल्लांच्या पोटांत घातलें. ह्या माद्यांपैकीं बऱ्याच मधुमेहापासून बचावल्या. त्यांच्या रक्तांत पुरुषी अंतःस्राव जो टेस्टॉस्टेरोन, त्याचें प्रमाण वाढलेलें आढळलें. आणि त्या स्रावाचें कार्य औषधानें रोखतांच संरक्षण दुबळें झालें. हा शोध २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं चेर्व्होन्स्की ह्यांच्या मंडळींनीं दाखविलें कीं, निर्जंतुक उंदरांत नर व माद्या ह्यांतील हा भेद नाहींसा होतो, आणि खच्ची केलेल्या नरांचे जंतु माद्यांच्या जंतूंसारखे होऊं लागतात. अंतःस्राव जंतूंची निवड करतात आणि जंतु अंतःस्रावांवर परिणाम घडवितात. कोण आधीं व कोण नंतर हें सांगणें कठीण. आंतड्यांतील वस्ती हा केवळ पचनाचा विषय नव्हे, हें मात्र ह्यावरून उघड होतें.

तर मग जंतु हे सर्वथा मित्रच काय? तसेंहि नाहीं. कॅनडांतील ओटावा येथें १९७४ सालीं आढळलेल्या ‘बी. बी.’ नांवाच्या मोठ्या उंदरांनाहि असाच मधुमेह होतो. त्यांना जंतुनाशक औषधें दिलीं असतां रोगाचें प्रमाण घटलें. उलट एन्. ओ. डी. पिल्लांना अगदीं कोवळ्या वयांत अशीं औषधें वारंवार दिलीं, तेव्हां नरांत रोगाची गति वाढली. ह्या दोन निष्कर्षांत विरोध दिसतो खरा; परंतु औषध कोणतें जंतु मारतें आणि कोणत्या वयांत मारतें, ह्यावर सारें अवलंबून आहे. फ्लॉरिडा येथील संशोधकांनीं २०१० मध्यें दाखविल्याप्रमाणें, मधुमेह न होणाऱ्या बी. बी. उंदरांकडून घेतलेली लॅक्टोबॅसिलसची एक जात, मधुमेह होणाऱ्यांना खाऊं घातली असतां रोग लांबणीवर पडतो. हीच मेख जातीच्या निवडींत आहे. सरसकट ‘चांगले जंतु’ म्हणून बाटल्या विकणाऱ्यांनीं ती नेमकी वगळलेली असते.

जंतु हें कार्य करतात तरी कसें? एक उत्तर असें कीं, न पचलेल्या पिष्टमय पदार्थांना ते आंबवितात आणि त्यांपासून ॲसेटिक व ब्युटिरिक हीं आम्लें तयार होतात. ऑस्ट्रेलियांतील मोनॅश विद्यापीठांत अशीं आम्लें मोठ्या आंतड्यांत भरपूर सुटतील असें पीठ बनवून एन्. ओ. डी. उंदरांना दिलें, तेव्हां ते मोठ्या प्रमाणावर रोगापासून वांचले. हें कार्य २०१७ सालचें. दुसरें उत्तर बालपणाशीं निगडित आहे. फिनलंडमध्यें ह्या मधुमेहाचें प्रमाण शेजारच्या रशियन कारेलियाच्या मानानें सुमारें सहापट होतें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं, फिनिश बालकांच्या आंतड्यांत बॅक्टेरॉइडीस ह्या जंतूंचें प्राबल्य असतें, आणि त्यांच्या कवचांतील द्रव्य पांढऱ्या पेशींना पुरेसें डिवचीत नाहीं. इ. कोलाय् ह्या जंतूचें तेंच द्रव्य एन्. ओ. डी. उंदरांना टोंचलें, तेव्हां मधुमेह कमी झाला. बॅक्टेरॉइडीसच्या द्रव्यानें तो गुण दिला नाहीं. पांढऱ्या पेशींना लहानपणीं तालीम घडविणारा वस्ताद भेटला नाहीं, तर पुढें त्या स्वकीयांवरच हात टाकतात, असा ह्याचा अर्थ लावण्यांत येतो.

प्रौढपणीं येणारा, लठ्ठपणाशीं संबंध असलेला मधुमेह निराळा. पण तेथेंहि जंतूंचा हात आहे. गंमत अशी कीं, ज्या जातीचें द्रव्य वर औषधासारखें ठरलें, तेंच येथें विष ठरतें. फ्रान्समधील तूलूझ येथें पात्रीस कानी व रेमी ब्यूर्सलँ ह्यांनीं २००७ सालीं दाखविलें कीं, चार आठवडे स्निग्ध पदार्थांवर पोसलेल्या उंदरांच्या रक्तांत जंतूंच्या कवचांतील हें द्रव्य दोन-तीन पट वाढतें. आणि तें नुसतें सतत टोंचीत राहिलें तरी उंदीर लठ्ठ होऊन त्यांची साखर चढते.

उंदरांवरून माणसांकडे येतांना मात्र पाऊल जपून टाकावें लागतें. एन्. ओ. डी. उंदरांना मधुमेहापासून वांचविणारे उपाय शंभरांहून अधिक सांपडले आहेत. त्यांपैकीं माणसांस उपयोगी पडलेले विरळा. ॲम्स्टरडॅम येथें २०१२ सालीं सडपातळ दात्यांचा मळ, शुद्ध करून, लठ्ठ पुरुषांच्या आंतड्यांत सोडला, तेव्हां सहा आठवड्यांनीं इन्सुलिनचा गुण वाढलेला दिसला. २०१७ सालच्या पुढच्या प्रयोगांत अठरा आठवड्यांनंतर तो टिकला नाहीं. नुकताच पहिल्या प्रकारचा मधुमेह जडलेल्या थोड्या तरुण रोग्यांवर डच संशोधकांनीं असाच प्रयोग केला आणि २०२१ मध्यें त्याचे निष्कर्ष छापले. अर्ध्यांना निरोगी दात्यांचे जंतु दिले. उरलेल्यांना, तुलनेसाठीं, त्यांचे स्वतःचेच परत दिले. वर्षअखेर मोजणी झाली, तेव्हां इन्सुलिन निर्माण करण्याची शक्ति अधिक शाबूत राहिली होती ती ज्यांना स्वतःचेच जंतु परत मिळाले त्यांची. असें कां व्हावें, ह्याचा शोध अजून चालूं आहे.