कडधान्याची राखण आणि घरचा हिशेब

वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख अशी आपली ओळख. पण कपाशीत तुरीचे तास घालण्याची आपल्याकडील रीतही जुनीच आहे, आणि अकोला शहर जिनिंगसाठी जसे ओळखले जाते तसेच दालमिलसाठीही ओळखले जाते. तूर निंदणारे, सोंगणारे आणि मिलमध्ये पोते वाहणारे हात बव्हंशी आपल्यासारख्याच कष्टकरी घरांतले असतात. तरीही महिनाअखेर आली की आपल्या घरचे वरण पातळ होत जाते. महागाई हे त्याचे कारण आहेच. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत चढली होती, ते दिवस कोणतीही गृहिणी विसरलेली नाही. परंतु आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या हातातले आहे. मोठ्या कष्टाने घरात आणलेले कडधान्य घरातच नासते, आणि उरलेले नीट शिजत नाही.

अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमध्ये आम्ही निरनिराळ्या कामांनी जातो. भादव्यात डबा उघडला की मुगाचे नुसते फोलपट हाती येते, ही तक्रार ऐकली नाही असे वर्ष जात नाही. शेतातून सरवा वेचून आणलेली तूर असो की दुकानातून घेतलेली मटकी असो, किडीला त्याचे काही वाटत नाही. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहावे असे आम्हाला वाटले.

कीड येते कोठून?

डबा बंद होता, मग भुंगा आत शिरला कसा, असा प्रश्न आमच्या भगिनी नेहमी विचारतात. खरी गोष्ट अशी की, तो बाहेरून शिरतच नाही. बहुधा तो शेतातूनच दाण्याबरोबर येतो. तूर, मूग, बरबटी शेतात वाळू लागली की भुंग्याची मादी शेंगेवर आणि दाण्यावर अंडी चिकटवते. दाण्यावर पांढरे बारीक ठिपके दिसतात ना, तीच ही अंडी. अळी दाणा पोखरून आत जाते, आतच वाढते आणि गोल भोक पाडून भुंगा होऊन बाहेर पडते. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत हा सारा प्रकार तीन-चार आठवड्यांत आटोपतो. एक मादी ऐंशी-शंभर अंडी घालू शकते. म्हणजे आज पाच दाण्यांना टोके दिसले तर दोन महिन्यांनी पूर्ण डबा गेला असे समजावे.

डाळीचे मात्र थोडे निराळे आहे. साल काढून दोन फाका केलेल्या डाळीवर हा भुंगा फारसा वाढत नाही. तूर जात्यावर भरडून डाळ करून ठेवण्याची आपल्या आजीची पद्धत या दृष्टीनेही शहाणपणाची होती. डाळीला धोका असतो तो जाळे करणाऱ्या अळीचा आणि तांबड्या बारीक भुंगेऱ्याचा. त्यांना चुरा आणि पीठ आवडते. म्हणून डाळ भरण्यापूर्वी चाळून चुनी वेगळी काढावी.

ऊन हेच पहिले औषध

वऱ्हाडाचे ऊन कोणाला सांगायला नको. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. या उन्हाचा आपल्याला त्रास होतो, तसा उपयोगही करून घेता येतो. तूर पौष-माघात घरी येते, हरभरा फाल्गुनात येतो. एप्रिलमधील जयंतीची धामधूम आटोपली की वर्षाच्या कडधान्याला ऊन दाखवावे. टिनावर किंवा गच्चीवर कापड अंथरून धान्य पातळ पसरावे, बोटाच्या पेराहून जाड थर नको. दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावे आणि मधूनमधून हात फिरवावा. दाणा ५५-६० अंशांपर्यंत तापला की आतली अळी आणि अंडीही मरतात. काळ्या प्लास्टिकवर पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक झाकले तर हे काम लवकर होते.

येथे एक पथ्य पाळावे. तापलेले धान्य लगेच डब्यात भरू नये. आत वाफ धरते, झाकणाला घाम येतो आणि बुरशी लागते. रात्रभर निवू द्यावे व सकाळी भरावे.

धान्य पुरेसे वाळले की नाही, हे पाहण्याची सोपी रीत आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर कडधान्य आणि चमचाभर कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर दाण्यात अजून ओल आहे. मीठ खाली बसले तर धान्य भरायला हरकत नाही. मूग आणि उडीद ऐन पावसाळ्यात निघतात, तेव्हा ही परीक्षा अवश्य करावी.

डबा कसा भरावा?

डबा कोरडा, झाकण घट्ट आणि धान्य काठोकाठ, एवढ्या तीन गोष्टी सांभाळाव्यात. डब्यात हवा कमी राहिली की आत चुकून राहिलेले किडे तीच हवा वापरून संपवतात आणि गुदमरून मरतात. तेलाचा रिकामा पिंपा धुऊन, वाळवून, झाकणाच्या फटीला मेण किंवा चिकटपट्टी लावली की झाले. रोजच्या वापरासाठी छोटा डबा वेगळा ठेवावा. मोठा डबा रोज उघडला तर त्याचा काही उपयोग राहत नाही.

आफ्रिकेतील कॅमेरून देशात शेतकऱ्यांची बरबटी याच भुंग्यांमुळे जात असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथे एक साधा उपाय पुढे आणला. एकात एक अशा दोन जाड प्लास्टिक पिशव्या घ्यायच्या, त्या बाहेरच्या विणलेल्या पोत्यात ठेवायच्या आणि प्रत्येक पिशवीचे तोंड वेगवेगळे घट्ट बांधायचे. औषध नाही, गोळी नाही. हवा तुटली की कीड मरते. आपल्यालाही हे घरी करता येण्यासारखे आहे.

दुसरा उपाय तेलाचा. एक किलो अख्ख्या कडधान्याला चहाचा एक चमचा शेंगदाण्याचे किंवा एरंडीचे तेल हाताने चोळावे. तेलाच्या पातळ थराने अंडी गुदमरतात. अख्ख्या तुरीला व मुगाला हा उपाय उत्तम. चाळलेली कोरडी राख मिसळण्याची जुनी पद्धतही चांगली आहे. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला मदतीला ठेवावा, पण नुसत्या पाल्यावर विसंबू नये. ओला पाला तर मुळीच घालू नये.

गोळीचा मोह टाळा

आता जे सांगायचे आहे ते जिवाशी संबंधित आहे. धान्यात ठेवण्याच्या विषारी गोळ्या काही ठिकाणी सहज मिळतात आणि शेजारीण सांगते म्हणून आपणही त्या आणतो. ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतील ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू निघतो. गोदामात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरण्याची ती वस्तू आहे. सर्वसामान्य माणसाला ती विकण्याची व घरात वापरण्याची परवानगी नाही.

आपली घरे एका-दोन खोल्यांची असतात. ज्या खोलीत धान्याचा डबा, त्याच खोलीत लेकरे झोपतात. पावसाळ्यात खिडकी बंद, दार बंद. अशा खोलीत हा वायू पसरला तर झोपेतच सगळ्यांना विषबाधा होते, आणि लहान मुले आधी बळी पडतात. या वायूवर उतारा नाही. डोके दुखणे, मळमळ, उलटी, छातीत दडपण, श्वास लागणे ही लक्षणे दिसली तर पित्त झाले म्हणून घरात पडून राहू नये. सगळ्यांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि घरात गोळी होती हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. चार किलो मुगासाठी घरातला जीव धोक्यात घालायचा नाही, एवढे प्रत्येकाने मनाशी पक्के करावे.

बोरिक पावडरही अनेक घरांत वापरतात. तिला वास नसतो, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. परंतु खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी ती वापरायला कायद्याने मान्यता नाही, आणि धुऊन ती पूर्ण निघेलच याची खात्री नसते. ऊन, तेल, राख आणि घट्ट झाकण एवढे असताना तिची गरजच काय?

डाळ शिजत का नाही?

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या भागांत आमच्या भगिनींची तक्रार ठरलेली असते. डाळ कितीही वेळ चुलीवर ठेवा, दाणा आणि पाणी वेगळेच राहते. दोष त्यांच्या हाताचा नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा आहे. येथील विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार फार. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असले की ते दाण्याच्या सालीला व गराला घट्ट धरून ठेवतात आणि दाणा मऊ होत नाही. म्हणून नळाचे गोड पाणी मिळत असेल तर पिण्याखालोखाल त्याचा मान वरणाला द्यावा. टिनावरून पडणारे पावसाचे पाणी पहिल्या एक-दोन सरी सोडून स्वच्छ भांड्यात धरले तर त्यात डाळ लोण्यासारखी शिजते. खारे पाणीच वापरावे लागत असेल तर ते आधी उकळून निववावे आणि वरचे निवळ घ्यावे. काही क्षार तळाशी बसतात.

जुने धान्यही शिजायला वेळ घेते. उष्ण व दमट जागी पडून राहिलेला दाणा आतून कडक होतो. म्हणून आधी आणलेले आधी संपवावे आणि डब्यावर महिना लिहून ठेवावा.

चिंच, टमाटे, अंबाडीची भाजी डाळीबरोबर सुरुवातीलाच टाकू नये. आंबटाने दाणा मऊ होत नाही. डाळ शिजल्यावर आंबट घालावे. मिठाने डाळ शिजत नाही असे म्हणतात, पण कडधान्य भिजवताना पाण्यात थोडे मीठ टाकले तर साल उलट मऊ पडते. खाण्याचा सोडा अगदी चिमूटभर ठीक. जास्त टाकला तर चव जाते आणि बी-१ हे जीवनसत्त्वही नष्ट होते.

भिजवण, मोड आणि इंधन

हरभरा, बरबटी, वाल, मटकी रात्री भिजवावी. आठ तास पुरतात. उन्हाळ्यात पाणी लवकर आंबते, तेव्हा एकदा बदलावे. भिजवलेले पाणी टाकून दिले तर पोटात वायू धरण्याचा त्रास कमी होतो. पाव किलो कडधान्य भिजून अर्धा किलोच्या जवळपास होते. पाच माणसांच्या घराला तेवढी उसळ पुरते.

मोड आणले की त्यात क जीवनसत्त्व तयार होते आणि दाण्यातले लोह अंगी लागायला मदत होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यात आपल्या आया-बहिणी किती असतील याचा विचार करावा. उसळीवर लिंबू पिळावे. हंगामात वरुड-मोर्शीचे संत्रे स्वस्त मिळते, जेवणानंतर ते खावे. जेवणावर लगेच चहा मात्र घेऊ नये, कारण चहा लोहाला अडवतो. ज्वारीच्या भाकरीत जे कमी असते ते डाळ भरून काढते, आणि डाळीत जे कमी असते ते भाकरी भरून काढते. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, मुगाच्या डाळीत सुमारे २४. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला आणि वाढत्या लेकराला हाच स्वस्तातला आधार आहे.

कुकरमध्ये कडधान्य एक तृतीयांशाहून जास्त भरू नये. फेस येऊन शिटीचे भोक बुजते आणि अपघात होतो. भोक दर वेळी उजेडात धरून पाहावे. चुलीवर शिजवत असाल तर डाळीला चांगली उकळी आणून, झाकण घालून, भांडे जुन्या गोधडीत घट्ट गुंडाळून तासभर ठेवावे. उरलेले शिजणे आतल्या उष्णतेवर होते आणि सरपण वाचते. राजमा आणणाऱ्यांनी मात्र तो भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळ उकळावा. कच्च्या राजम्यात विषारी अंश असतो.

दहा घरांचा हिशेब

बचत गटाच्या भगिनींसाठी हिशेब मांडतो. समजा, दुकानात डाळ किलोला १३० रुपये आहे आणि दहा घरांनी मिळून ५० किलोचे पोते ११५ रुपये दराने घेतले. किलोमागे १५, म्हणजे पोत्यामागे ७५० रुपये वाचले. प्रत्येक घराला ५ किलो डाळ आणि ७५ रुपये बचत. आता एखाद्या घरात त्यातली अर्धा किलो डाळ जाळी लागून गेली तर ५७ रुपये ५० पैसे बुडाले, हाती उरले साडेसतरा. स्वस्तात घेणे हा अर्धा व्यवहार झाला, उरलेला अर्धा राखणीत आहे. डाळ भरडण्याची सोयही गटाला करता येते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान दालमिल विकसित केली आहे आणि ती छोट्या उद्योगाला उपयोगी पडणारी आहे. ज्या गटाकडे तूर आहे त्याने याची चौकशी अवश्य करावी.

शेवटी घरातल्या पुरुषमंडळींना एक विनंती. पोते उचलणे, टिनावर धान्य पसरणे, चाळणे, पिंपा धुणे ही कामे बाईनेच करावीत असा कोठेही नियम नाही. सुटीच्या दिवशी दोघांनी मिळून घरातले सगळे डबे उघडावे. टोके लागलेले वेगळे काढावे, बाकीच्याला ऊन दाखवावे, आणि कपाटाच्या कोपऱ्यात कागदात बांधलेली एखादी गोळी सापडली तर ती उघड्या हाताने हाताळू नये. पाण्यात किंवा चुलीतही टाकू नये. मुलांना बाहेर पाठवून, दारे-खिडक्या उघड्या टाकून, कृषी सहायकाला किंवा आरोग्य केंद्रात कळवावे. एवढे काम पहिल्या पावसाच्या आत उरकून घ्यावे.