पाण्यावर हक्क आहे, पण पाणी कुठे आहे?

मागच्या रविवारी आम्ही मुलांना घेऊन कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर गेलो. काठावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. "काय लागलं का मामा?" असे विचारताच तो हसला. "लागतंय, पर घरात शिजवायला बायकू तयार न्हाई. वास मारतोय म्हणती."

ही पंचगंगेची आजची अवस्था आहे. शहरातून वाहणारी जयंती एके काळी नदी म्हणून ओळखली जाई. आज तिला सारे नाला म्हणतात. तिचे सांडपाणी उपसून शुद्ध करण्यासाठी कसबा बावड्यात दररोज ७ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले, दुधाळीतही दुसरे झाले. तरी पंप बंद पडला किंवा पाऊस वाढला की मैला थेट नदीत जातो.

मासा का मरतो, हे समजून घेतले पाहिजे. घाण कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. उन्हाळ्यात बरगे घातलेल्या बंधाऱ्यांमागे हे पाणी साचते आणि बरगे काढले की काळे पाणी एकदम खाली जाते. शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याचे आपण वारंवार वाचतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीने अनेकांचे बळी घेतले, तेव्हाही दूषित पाण्याकडेच बोट दाखवले गेले. वरच्यांची घाण नेहमी खालच्यांच्या वाट्याला येते!

बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकालही आपल्या बाजूने लागला. पाणी सर्वांचे आहे, हे तेव्हा सिद्ध झाले. पण जे पाणी पिता येत नाही, ज्यातला मासा खाता येत नाही, त्यावरच्या हक्काचे आपण काय करायचे?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. जयंतीला मिळणारी प्रत्येक गटार अडवा. बरगे टप्प्याटप्प्याने काढा. काठावर उतरायला पायऱ्या आणि गळ टाकून बसायला जागा ठेवा. तिथे कुणालाही मज्जाव नको. पाणी सुधारल्यावरच मत्स्यबीज सोडा, नाहीतर तो पैसा नाल्यात गेला म्हणून समजा.

आणि वाचकहो, आपणही प्लास्टिकची पिशवी ओढ्यात फेकू नये. म्हाताऱ्या मामाच्या घरी पुन्हा माशाचे कालवण शिजले, तर नदी बरी झाली असे आम्ही समजू.