कंपासपेटीतला आवाज

माणसाला छंद असावा, पण त्याचा वास घरभर पसरू नये, असे आमच्या हिचे मत आहे. माझ्या छंदाचा वास येतो. सोल्डरच्या तारेत राळ असते. तापलेले टोक तिला लागले की धुराची बारीक रेघ निघते आणि थेट देवघरापर्यंत जाते. "उदबत्ती लावायची गरज नाही, प्रोफेसर बसले आहेत," असे मग आतून ऐकू येते.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. विज्ञानाशी माझा संबंध बल्ब बदलण्यापुरताच होता. असा मनुष्य वयाच्या चाळिशीनंतर हेडफोनचे अँप्लिफायर बांधू लागला, याचे कारण म्हणजे आमचे अण्णा.

अण्णा १९६७ साली तारखात्यात लागले. नुसत्या 'कडकट्ट' आवाजावरून मजकूर उतरवून घेणाऱ्यांच्या पिढीतले ते जवळजवळ शेवटचे. पुढे टेलिप्रिंटर आले, अण्णा २००५ साली निवृत्त झाले आणि २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवाच बंद पडली. पण कानाचा अभिमान कायम राहिला. "माझ्या हातून एक अक्षर चुकलं नाही कधी," हे वाक्य आमच्या घरात दिवाळीच्या फराळाइतके नेमाने येते.

२०२० च्या टाळेबंदीत मी घरून तास घेऊ लागलो, तेव्हा त्या कानांचे खरे रूप कळले. मी विभक्तिप्रत्यय समजावतो आहे आणि माझ्या पाठीमागून दूरदर्शनवरच्या बातम्या साऱ्या वर्गाला ऐकू जात आहेत! अण्णांना आवाज कमी करायला सांगितले की ते रुसत. ही म्हणाली, "त्यांना हेडफोन द्या."

घरात एक होता. मेव्हण्याने परदेशाहून आणलेला, कानांवर वाटीसारखा बसणारा, भारी. पण टीव्हीला लावला तर आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. शेजारच्या बिऱ्हाडातला इंजिनिअर मुलगा हसला. म्हणाला, "काका, मोबाइलबरोबरचे हेडफोन बहुधा ३२ ओहमच्या आसपासचे असतात. हा ३०० ओहमचा आहे. याला जास्त व्होल्टेज लागतं, ते टीव्हीच्या त्या भोकातून मिळत नाही. मध्ये छोटा अँप्लिफायर हवा. विकत घेऊ नका. बांधा!"

जगातल्या पहिल्या चांगल्या हेडफोनांपैकी एक, अमेरिकेत युटामधल्या नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसाने स्वयंपाकघरात बसून बनवला होता आणि १९१० साली तो तिथल्या आरमाराने घेतला, हे मी कुठेसे वाचले होते. हा दाखला मी घरात दिला. "मग त्याच्या बायकोने स्वयंपाक कुठे केला?" एवढाच प्रश्न आला.

पुण्यात तपकीर गल्ली आहे तोवर अशा माणसांना मरण नाही. चिठ्ठी घेऊन गेलो. सर्किट जगभरच्या हौशी लोकांचे आवडते, चू मॉय यांच्या नावावरून 'सीमॉय' म्हणून ओळखले जाणारे. त्याचा जीव मुळात लहान: ९ व्होल्टची एक बॅटरी आणि आठ पायांची एक चिप. बॅटरीला टोके दोन, पण आवाजाच्या लाटेला वर-खाली जायला मधली पातळी लागते. म्हणून दोन सारखे रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर लावून बॅटरीच्या मधोमध एक खोटी 'जमीन' तयार करायची. मग आवाज किती पट व्हायचा ते दुसरे दोन रेझिस्टर ठरवतात. एक हजार ओहमचा, दुसरा दहा हजारांचा. भागाकार दहा, त्यात एक मिळवा, अकरा पट. गणितात काठावर पास झालेल्या माणसालाही हे जमले.

अमेरिकेत हे सर्किट पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवायची रीत आहे. मी मुलीची जुनी कंपासपेटी घेतली. पत्रा बाहेरची घुरघुर अडवतो. पण पत्र्यातून वीजही वाहते, हे विसरलो. झाकण लावताच बोर्डाची खालची बाजू पेटीला टेकली आणि चिप इतकी तापली की बोट चटकले. दुसऱ्या खेपेस आत पुठ्ठा चिकटवला. तिसऱ्या खेपेस पेटी बोलली.

इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण या छंदात बांधणे हा आजार आणि बदलणे हा त्याचा ताप. चिप बसवायला खोबण असते. एक काढावी, दुसरी घालावी. तीस रुपयांची घातली, मग चारशेंची. चारशेंची घातल्यावर तंबोऱ्याच्या तारा सुट्ट्या ऐकू येतात, असे मी छातीठोकपणे सांगू लागलो. आमची कन्या अकरावीला, विज्ञानशाखेत. ती म्हणाली, "बाबा, सिद्ध करा." मला दुसरी पेटी बांधायला लावली. दोन्हींचे आवाज मीटरने मोजून सारखे केले, कारण जरा मोठा आवाज माणसाला उगाच जास्त चांगला वाटतो. मग मला पाठमोरे बसवून नाणे उडवून पेट्या बदलल्या. दहापैकी पाच बरोबर आले. नुसत्या नाण्यानेही तेवढेच सांगितले असते. त्या दिवसापासून तंबोऱ्याबद्दल मी बोलत नाही.

आता खऱ्या प्रसंगाकडे येतो. अण्णांनी हेडफोन लावला. चेहरा उजळला. दोन दिवस घर शांत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "उजवीकडे कमी येतं." मी दोन्ही बाजूंना वेगळी बटणे लावून दिली. आठवड्याने पुन्हा हाक आली. "अरे, आवाज मोठा झालाय. पण शब्द कुठे गेले?"

मी चपापलो, कारण याचे उत्तर तपकीर गल्लीत नव्हते, माझ्याच विषयात होते. स्वरांची ताकद खालच्या कंपनसंख्यांत असते. 'स'चा सगळा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. 'त', 'ठ', 'क' यांची ओळख पटवणारा झटकाही बराचसा वरच असतो. आणि म्हातारपणी कान आधी वरचेच सूर सोडतो. म्हणजे अण्णांना स्वर पोहोचत होते, व्यंजने गळत होती. माझी पेटी दोन्ही सारखीच अकरा पट करत होती. जे ऐकू येत होते ते कानाला घातक होईपर्यंत मोठे, आणि जे हरवले होते ते हरवलेलेच!

श्रवणतज्ज्ञांकडे जाऊ म्हटल्यावर अण्णा संतापले. "तारखात्यातला माणूस आहे मी. बहिरा नाही!" दोन महिने हा विषय बंद. शेवटी कन्येने युक्ती काढली. "आजोबा, मी तार देते, तुम्ही उतरवून घ्या." अण्णा खुशीत कागद-पेन्सिल घेऊन बसले. ती वर्तमानपत्राआडून, नेहमीच्या आवाजात, वीस शब्द बोलली. सात, साठ, हात, काठ, पास, ताक, साप. अण्णांनी झरझर लिहिले. मग तिने कागद शेजारी ठेवला. वीसपैकी अकरा चुकले होते.

अण्णा बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिले. खोलीत कुणी बोलेना. मला तो खेळ थांबवायला हवा होता असे वाटू लागले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "एवढ्या चुका तारेत झाल्या असत्या तर साहेबाने मेमो दिला असता. चल, कुठे जायचं?"

तपासणीचा आलेख हेच सांगत होता. डावीकडून सरळ येणारी रेघ उजवीकडे जिना उतरल्यासारखी खाली. श्रवणयंत्रे आली, ती नेमके वरचे सूर, हवे तेवढेच उचलून देतात. तिथल्या बाईंनी माझ्या पेटीबद्दलही कान उपटले. मोठ्या माणसांनी ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्यात ४० तासच ऐकावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरी येऊन मी दहा हजारांचा रेझिस्टर काढला आणि ४७०० चा घातला. अकरा पटींचे पावणेसहा पट झाले. इतक्या बदलांत उपयोगाचा असा हा एकच, आणि त्याची किंमत रुपयाभर.

पेटी मात्र निकालात निघाली नाही. संध्याकाळी अण्णा यंत्रे डबीत काढून ठेवतात, हेडफोन चढवतात आणि गीतरामायण लावतात. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले तेव्हा अण्णा आठ वर्षांचे होते, वाड्यात एकच रेडिओ होता. ती गाणी त्यांना पाठ आहेत. गळलेली व्यंजने आठवण भरून काढते.

परवा मी विचारले, "अण्णा, नीट येतंय का?" हेडफोनमुळे प्रश्न ऐकू गेला नसावा, पण ओठ वाचले असावेत. डोळे न उघडता त्यांनी पेटीच्या पत्र्यावर बोट वाजवले. टिंब, रेघ, टिंब.

नंतर त्यांनीच अर्थ सांगितला. तारेच्या भाषेत त्याला म्हणतात, 'मिळाले'.