गावचं तळं कुणाच्या खात्यावर?

मैत्रिणींनो, पाणथळ म्हटलं की आपल्याला मुंबईकडची खाडी आठवते, चिखलात उभे असलेले रोहित पक्षी आठवतात. 'आपल्या परभणीकडे कुठलं आलंय बाई पाणथळ?' असं माझ्या शाळेतल्या एका मुलीने मला सरळच विचारलं. तिच्या घराच्या मागच्या अंगणातून गावतळं दिसतं, बरं का!

इराणमधल्या रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. त्या करारातली व्याख्या अगदी ऐसपैस आहे. पाणी गोडं असो की खारं, बारमाही असो की चार महिन्यांचं, जागा निसर्गाने केलेली असो की माणसाने, ती पाणथळच. म्हणजे आपलं गावतळं, पाझर तलाव, जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणाची उथळ कड, गोदाकाठची दलदल, सगळंच त्यात आलं.

या कराराच्या यादीत महाराष्ट्रातलं पहिलं नाव जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं, ते नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरचं. गंमत पाहा, ती जागा मुळात माणसानेच घडवलेली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बंधारा बांधला, मागे गाळ साचला, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात परदेशी पाहुणे उतरू लागले. हीच गोदावरी पुढे आपल्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेडावरून जाते! त्याच वर्षी लोणारच्या सरोवराचंही नाव यादीत लागलं. जिंतूरकडून लोणार काही फार लांब नाही, शाळांच्या सहली जातात. सहलीला जाणाऱ्यांना तिथलं गुलाबी पाणी तेवढं आठवतं, जे २०२० च्या जूनमध्ये सगळ्यांनी वर्तमानपत्रात पाहिलं. पण लोणार गावचं सांडपाणी विवरात उतरतं ही तक्रार त्याच्या कितीतरी आधीपासूनची, आणि ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावी लागली. अभयारण्याचा दर्जा तर लोणारला २००० सालीच मिळाला होता. नुसत्या दर्जाने गटार थांबत नाही, एवढं त्यातून कळतं.

आता आपल्या घराजवळचं बघू. केंद्र सरकारचे पाणथळ जागांचे नियम २०१७ सालचे आहेत. त्यांत भर घालणं, अतिक्रमण, कचरा टाकणं, न शुद्ध केलेलं सांडपाणी सोडणं, शिकार, या सगळ्याला मनाई आहे. गेल्या दहा वर्षांतल्या पुराच्या सरासरी रेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकामही चालत नाही. वाचून बरं वाटतं. पण हे नियम लागू होतात ते रामसर यादीतल्या आणि सरकारने रीतसर अधिसूचना काढलेल्या जागांना. शिवाय खास पिण्याच्या पाण्यासाठी केलेले तलाव आणि सिंचनासाठी बांधलेली कामं त्यांतून वगळली आहेत. आमच्या मराठवाड्यात पाणी दिसतं ते बहुतेक कुणीतरी अडवलेलंच! मग उरलं काय? हे वगळणं मला तरी पटत नाही. टिटवीला काय ठाऊक, पाणी पाटबंधारे खात्याचं की देवाचं?

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशभरातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण दिलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना त्यांची जागेवर जाऊन पाहणी आणि हद्द निश्चिती करायला सांगितलं. पण त्या जागा सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या, म्हणजे साडेपाच एकरांच्या वरच्या. लहान तळ्याला वाली ग्रामपंचायतच.

पंचायतीच्या हाती काहीच नाही असं मात्र समजू नका. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण हटवायचा अधिकार पंचायतीला आहे, आणि तिने हात झटकले तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पंजाबातल्या एका गावात तळं बुजवून घरं बांधली होती. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती हटवायला सांगितलं, आणि अशा सामायिक जागा गावाला परत मिळाव्यात म्हणून सगळ्या राज्यांना योजना आखायला लावली. घरं पक्की आहेत, पैसा खर्च झालाय, ही सबब न्यायालयाने ऐकली नाही.

तळं एका दिवसात जात नाही. आधी निर्माल्याच्या पिशव्या, मग कुणाच्या पाडलेल्या भिंतीचा मलबा, काठाला बेशरमाचं रान. मग 'तिथं काय, डबकंच आहे' असं सगळे म्हणू लागतात. त्यानंतर पत्र्याचं शेड उभं राहतं. आमच्या ओळखीच्या एका गावात अगदी असंच झालं. त्यानंतर खालच्या बाजूच्या आडाला उन्हाळ्यात पाणी टिकेना. हंडे घेऊन शिवाराच्या टोकाला कोण जाणार? सरपंच थोडेच! २०१६ सालच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

गाळ काढण्याबद्दलही बोलायला हवं. गाळ काढावाच, शेताला सोनं आहे ते. पण यंत्र लावून तळ्याला सगळीकडून उभी कड करून टाकतात, तेव्हा उथळ काठ जातो. बगळे, पाणकोंबड्या त्या काठावर चरतात, माशांची पिल्लं तिथे वाढतात, आणि खाली पाणी प्यायला उतरलेलं वासरूसुद्धा उभ्या कडेवरून घसरतं. एका बाजूला उतार ठेवा, एवढं सांगायला इंजिनिअर व्हायला नको.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा नियम आहे. आपल्याकडे बहुधा सह्यांपुरती होते. तिथे पहिला प्रश्न विचारा: तळ्याची जमीन सातबारावर कुणाच्या नावे आहे, आणि क्षेत्र किती? कागदावर दोन एकर आणि डोळ्यांना सव्वा एकर दिसत असेल तर मोजणीची मागणी तिथेच करा. दुसरं, गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती कोणकोण आहे ते विचारा. कायद्याने तिच्यात एक तृतीयांश बायका हव्यात. कधी कधी ज्यांची नावं आहेत त्यांनाच ते ठाऊक नसतं! गावातल्या पक्षी-झाडांची नोंदवही हीच समिती करते, त्यात तळं आणि त्यावरचे पक्षी लिहून घ्या.

तोंडी बोलून भागत नाही. ठराव इतिवृत्तात लिहिला का ते सही करण्यापूर्वी वाचून पाहा, आणि अर्ज दोन प्रतींत न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि पोच घेऊनच घरी या.